पाणी उजव्या हाताला

जोतीराम मासाळला मी पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरं. पुढची पाच वर्षंही बहुतेक तसंच पाहिलं, कारण हा गडी कायम चार पावलं पुढे असायचा आणि आपण मागून धापा टाकत "अरे थांब की लेका!" म्हणत असायचो. तो थांबायचा नाही. फार तर वळून बघायचा आणि उलटं चालायला लागायचा.

ही १९९३ची गोष्ट. बारामतीच्या कॉलेजात बी.ए.ला इंग्रजी घेणारे आम्ही नऊ जण. मी वालचंदनगरचा, वडील कंपनीत टाइमकीपर. क्वार्टरमध्ये राहायचं, भोंग्यावर उठायचं आणि भोंग्यावर जेवायचं, त्यामुळे बसण्याची सवय मला आईच्या दुधाबरोबर मिळालेली. जोतीराम कऱ्हाटीचा. त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. आज्याच्या काळात तीनशे होती. वडिलांच्या, म्हणजे तात्याबांच्या हाती साठ उरलेली, आणि बाकी तीन एकरांत ज्वारी-बाजरी. थोरला भाऊ दादासो कारखान्यात लागलेला. धाकट्याला मास्तरांनी चौथीत असतानाच धरून आश्रमशाळेत टाकलं, आणि तिथून तो एकेक इयत्ता चालत चालत इंग्रजीपर्यंत येऊन पोचला होता.

चालत चालत हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही. बसलं की त्याचं डोकं बंद पडायचं. वर्गात तो शेवटच्या बाकावर एक पाय बाहेर काढून बसायचा, पुढच्या थांब्यावर उतरायचं असलेल्या एस.टी.तल्या माणसासारखा. सर खिडकीकडे वळले की हा दारात, आणि सर दाराकडे वळले की हा खिडकीशी. शेवटी शेवटी सरांनीच त्याला मागच्या मोकळ्या जागेत फेऱ्या मारायची परवानगी दिली. अट एकच होती, की चपला काढून.

जुन्या बाजारातून त्यानं एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश आणला होता. एवढं ओझं घेऊन चालता येईना, म्हणून मेंढ्यांची लोकर काढायच्या कातरीनं त्यानं त्याची शिवण उसवली आणि एकेका अक्षराची गड्डी लोकरीच्या दोऱ्यानं बांधली. रोज एक गड्डी खिशात घालायची, कॉलेजमागच्या कॅनॉलच्या कडेनं तिसऱ्या पुलापर्यंत जायचं आणि शब्द पुटपुटत परत यायचं. कॅनॉलवर धुणं धुणाऱ्या बायांना आधी वाटलं, पोराला बाहेरचं काहीतरी लागलंय. मग सवय झाली. त्यात शकुबाई म्हणून एक होत्या. त्या लांबूनच ओरडायच्या, "आलं गं इंग्रजी! ए, कुठवर आलास रं?"

"एम लागलाय, मावशी."

"आत्ता गं बया! यल होता तवा माझी सून बाळंतपणाला गेली. आता बारसं झालं तरी तू एमलाच? जरा पाय उचल की!"

परीक्षेत मात्र चालायची सोय नव्हती. तीन तास एका जागी बसणं म्हणजे जोतीरामला सक्तमजुरी. एका पेपराला तो अकरा वेळा पाणी प्यायला उठला. पर्यवेक्षक म्हणाले, "अरे, तुला साखरेचा त्रास आहे का?" उत्तरं डोक्यात शंभर मार्कांची असायची आणि कागदावर उतरायची पन्नास मार्कांची. उरलेली पन्नास मार्कांची उत्तरं माठापाशी जाऊन यायची.

तरी तो पास झाला आणि एम.ए.ला पुण्याला विद्यापीठात जायचं म्हणाला. मी जाणारच होतो. तात्याबांनी त्याला जाऊ दिलं, पण अंगणात उभ्या उभ्या अट घातली.

"दोन वर्सं दिली. माजा गुडघा गेलाय, आता चार पावलं टाकली की बोंबलतंय. तुजं झालं, नोकरी लागली, तर मेंढरं दादासोच्या पोरास्नी बगू दे न्हायतर इकू. न्हाय झालं तर ही काठी धरायची. मंग इंग्रजी मेंढरास्नी शिकीव."

"शिकवीन की," जोतीराम म्हणाला.

"शिकतील बी," आतून भागूबाई म्हणाल्या. जोतीरामची आई आतूनच बोलायची, पण बोलायची नेमकं. "तुज्यापरीस एका जागी उभी तरी ऱ्हात्यात."

इंदापूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात इंग्रजीच्या मास्तराची जागा निघणार होती, आणि तिथल्या प्राचार्यांनी आधीच सांगून ठेवलेलं, पंचावन्न टक्के घेऊन ये. पंचावन्न म्हणजे पंचावन्न. पहिल्या वर्षाच्या पेपरांनी जोतीरामला एक्कावन्नवर नेऊन ठेवलं होतं. दुसऱ्या वर्षी एक पेपर असा होता की परीक्षा नाही. वर्षभरात स्वतःचं पन्नासेक पानांचं लेखन इंग्रजीत करायचं, टाइप करून, बांधून द्यायचं. त्यानं तो डोळे झाकून घेतला. लेखनाची हौस होती म्हणून नव्हे. तीन तास बसायचं नाही म्हणून!

पण बसायचं नाही हे त्याच्या लिहिण्यातही उतरलं. हा पेपर योगिनी मॅडम शिकवायच्या. त्या म्हणाल्या, तुमच्या ओळखीच्या एका जागेबद्दल लिहा. जोतीरामनं कऱ्हाटीबद्दल लिहायला घेतलं; दुसऱ्या पानावर तो बारामतीच्या बाजारात होता, तिसऱ्यावर भिगवणच्या स्टेशनात आणि चौथ्यावर पुण्याच्या हॉस्टेलवर. जेवता जेवता भाकरी हातात घेऊन उठून जाणाऱ्या माणसासारखं ते लिखाण. मॅडमनी लाल शाईत समासात लिहिलं, "इथे जरा थांबा." पुढच्या लेखावर तेच. सहाव्या लेखावर नुसतं, "थांबा!"

"कसं थांबू?" हॉस्टेलच्या व्हरांड्यात फेऱ्या घालत तो मला म्हणाला. "युवराज, तुला ठावं न्हाय. कुणाच्या रानात आमी खतासाठी मेंढरं बसवली, तर तीन रात्रींच्या वर बसवत न्हाईत. तीन झाल्या की रान भरलं. मंग मेंढरं पाय आपटत्यात, कुत्रं उठून उभं ऱ्हातंय. माजं बी दोन पानांवर तसंच व्हतंय."

"मग तेच लिही की."

"काय?"

"मुक्काम. एकेका मुक्कामाची दोन-तीन पानं. चालू दे तुझं लिखाण."

तो उलटा चालत होता, तो व्हरांड्याच्या खांबावर आपटला. ही त्याची पसंती.

त्यानंतर सहा आठवडे त्यानं लिहिलं. उभ्यानं, खिडकीच्या कठड्यावर, सायकलच्या सीटवर, मेसच्या रांगेत माझ्या पाठीवर कागद ठेवून. विषय होता आज्याची वाट, पण तिच्यावरून चालणारा कळप आजचा, तात्याबांचा. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत संध्याकाळी आजा नातवंडांना ओळीनं बसवून मुक्काम पाठ करून घ्यायचा. कऱ्हाटी, शेजारचं जळगाव, उंडवडी, शिर्सुफळ, पारवडी, मदनवाडी, भिगवण, पळसदेव, तिथून नदी उतरून पलीकडं करमाळ्याच्या अंगाला. पाढे चुकले तर चालायचं. मुक्काम चुकला तर टपली. जोतीराम स्वतः दिवाळीच्या सुट्टीत मेंढरांबरोबर भिगवणपर्यंतच गेलेला. तिथं त्याला एस.टी.त बसवून शाळेत परत पाठवायचे. पुढची वाट त्याला आज्याच्या तोंडूनच ठाऊक. पण ती इतकी पाठ, की आपण ती चाललोच नाही हे तो विसरूनही गेला होता.

बारामतीच्या टायपिस्टानं वीस दिवसांत एकोणपन्नास पानं टाइप करून दिली. द्यायची शेवटची तारीख ३१ मार्च १९९८, मंगळवार, संध्याकाळी पाच. पाडव्याला आम्ही दोघं कऱ्हाटीला गेलो, ते मी भागूबाईंच्या हातच्या पोळीसाठी आणि तो तात्याबांना वाचून दाखवण्यासाठी.

आता मासाळांच्या घरात वाचन म्हणजे काय, तर पुढे साठ मेंढरं, मागे गुडघ्यावर हात ठेवत तात्याबा, त्यांच्या शेजारी कागद धरलेला जोतीराम, आणि सर्वांत मागे पोळ्यांनी जड झालेला मी.

"आदी इंग्रजीत वाच," तात्याबा म्हणाले. "कानाला कसं लागतंय बगू."

जोतीरामनं एक परिच्छेद वाचला.

"गाडी उताराला लागल्यावानी वाटतंय. आता सांग."

तो सांगत गेला. तात्याबा मध्येच, "उंडवडीला हीर डाव्या अंगाला," किंवा "शिर्सुफळला त्या पाटलीनबाईनं कुरवडी तळून दिली हुती, ती घातली न्हाईस व्हय?" एवढं म्हणायचे, पण खूश होते. मदनवाडी झाली. भिगवण झालं. जोतीराम रंगात आला. कळप भिगवणहून पळसदेवला निघतो, जुन्या गावच्या देवळाजवळ मेंढरं बसतात, सकाळी नदी उतरतात, पाणी गुडघ्याएवढं...

तात्याबा थांबले. त्यांनी काठी आडवी केली आणि जोतीरामच्या छातीला लावली.

"कुठं निघालास?"

"पळसदेवला, तात्या."

"जुन्या?"

"व्हय. आज्यानं सांगितल्यासारखंच."

"आरं, तितं धरण हाय! उजनीचं पाणी हाय! जुनं गाव पाण्याखाली जाऊन वीस वर्सं व्हाय आली. तू माजी समदी मेंढरं पाण्यात घातलीस की रं!"

मी हसलो. चूक झाली. तात्याबा हसत नव्हते. त्यांचा चेहरा खरोखरच कळप बुडालेल्या माणसाचा झाला होता.

"तात्या, कागदावरची हायत ती," जोतीराम चाचरत म्हणाला.

"कागदावरची असली म्हणून काय झालं? मेंढरंच हायत न्हवं? तुज्या भरवशावर चालल्यात न्हवं?" आणि ते वळले. "म्होरं वाचू नगंस. मी न्हाय येत म्होरं."

त्या दिवशी जोतीरामनं घराभोवती किती फेऱ्या मारल्या ते कुत्र्यालाच ठाऊक, कारण पहिल्या वीस फेऱ्या तेही बरोबर होतं. मी समजावून पाहिलं. पुण्यात कुणाला कळणार आहे? योगिनी मॅडम काही मेंढरं घेऊन पळसदेवला जाणार नाहीत. टाइप झालंय, मंगळवार तीन दिवसांवर आलाय, बांधून देऊन टाक.

"पंचावन्नासाठी मेंढरं बुडवू?" तो म्हणाला.

"न बुडवता एक्कावन्नच राहिले तर?"

"तर काठी हायच की." आणि पुन्हा निघाला. त्याला कळत होतं की नऊ-दहा पानं बदलायला हवीत, आणि हेही कळत होतं की त्या पानांत काय घालायचं ते आपल्याला माहीत नाही. भिगवणच्या पुढं तो कधी गेलाच नव्हता.

रविवारी सकाळी तात्याबा धुतलेलं धोतर नेसून ओट्यावर उभे. "चला. दावतो."

मेंढरांशिवाय एस.टी.त बसलेला धनगर फार अवघडलेला दिसतो. प्रत्येक थांब्यावर माणसं चढली-उतरली की तात्याबा मागे वळून मोजायचे. कंडक्टरनं एकदा तिकिटांचा मेळ लागेना म्हणून डोकं खाजवलं, तर हे शांतपणे म्हणाले, "त्रेचाळीस हायत. त्यातलं एक काखंतलं."

भिगवणला उतरून आम्ही पाण्यापर्यंत गेलो. मासेवाल्यांच्या होड्या, सुकायला टाकलेली जाळी, लांबवर बगळे. एक जुना रस्ता गावाकडून सरळ येत होता आणि काही न बोलता पाण्यात शिरत होता. बाभळीच्या सावलीत तात्याबा पाय लांब करून बसले. गुडघ्यापुढे इलाज नव्हता.

"आता हितनं पाण्याच्या कडंकडंनं वर जायचं. लांब पूल लागंल, तितं उतरायचं, आन्‌ पलीकडनं खाली यायचं. पाणी कायम उजव्या हाताला. तीन मुक्काम वाढलं." जोतीराम त्यांच्याभोवती फिरत होता. "बस की जरा खाली. चक्कर येती मला."

"तुमी सांगा, मी ऐकतोय."

"बसलास तर सांगीन."

आणि जोतीराम बसला. मी घड्याळ बघितलं, अकराला दहा कमी होते.

"पाणी चढलं त्या पैल्या वर्साची गोष्ट," तात्याबा म्हणाले. "आमाला ठावं हुतं धरण झालंय. पर तुज्या आज्याला ते मान्यच न्हवतं. म्हनला, नदी हाय, उतरंल. आमी ह्याच रस्त्यानं आलो. म्होरं आमची म्हातारी मेंढी चालायची. बारा वर्सं तीच म्होरं. तिला वाट पाठ. ती आली, आन्‌ थांबलीच न्हाय. सरळ पाण्यात. पोटाला पाणी लागलं, छातीला लागलं. मंग हुबी ऱ्हायली. मागं तीनशे मेंढरं हुबी. काठावर तुजा आजा हुबा. ती माघारी वळंना आन्‌ हा बी वळंना."

"मंग?"

"मंग काय. मी पाण्यात शिरलो. तिला काठी घातली. बारा वर्सांत तिला कुनी काठी लावली न्हवती, आन्‌ मी घातली, त्याच्या देखत. तवा वळली." तात्याबांनी नाक शिंकरलं. "त्या वर्सापासनं तो वाटंला आलाच न्हाय. घरी बसून पोरास्नी मुक्काम पाठ करायचा. जुनंच. मला वाटलं करू दे. आता तू तेच इंग्रजीत घालून आनलंस."

जोतीरामनं पिशवीतून वही काढली होती. कधी काढली ते मला दिसलं नाही. तात्याबा पुढचे मुक्काम सांगत होते, चिखलावर वाढलेलं गवत, होडीवाल्यांशी झालेली भांडणं, कुणी पाणी पाजू दिलं आणि कुणी नाही. तो लिहीत होता, मराठीत ऐकून सरळ इंग्रजीत. मी जवळच्या खानावळीतून माशाचं कालवण आणि भाकरी आणली. बापलेकांनी एकमेकांकडे न बघता खाल्ली. दुपारी चारला तो उठला तेव्हा अकरा पानं झाली होती. उठल्यावर बघितलं, तर उजव्या पायाच्या अंगठ्यानं त्यानं जमिनीत वीतभर खोल खड्डा पाडलेला. त्यात आंब्याचं रोप लावता आलं असतं.

सोमवारी बारामतीचा टायपिस्ट सासुरवाडीला गेलेला. मंगळवारी अकराला आम्ही विद्यापीठात, आणि मधली जुनी पानं काढून त्या जागी हातानं लिहिलेली अकरा पानं. खिडकीतल्या कारकुनांनी गठ्ठा उलटा-सुलटा केला.

"हे मधलं टाइप का नाही?"

"सर, तिथं पाणी आहे," जोतीराम अगदी सरळ चेहऱ्यानं म्हणाला. "तिथनं टाइपरायटर जात नाही."

हा विनोद आहे की नियमाचा मुद्दा, हे कारकुनांना ठरवता येईना, म्हणून त्यांनी योगिनी मॅडमना बोलावलं. मॅडमनी उभ्यानं एक पान वाचलं. मग त्या व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या आणि अकराही पानं वाचली. तेवढ्या वेळात जोतीरामच्या व्हरांड्यात चौदा फेऱ्या झाल्या. मी मोजल्या, तात्याबांचा गुण लागला असावा.

"इथे थांबलात तुम्ही," मॅडम म्हणाल्या.

"बसवलं, मॅडम."

"टाइप करून आणा. पाचच्या आत. पाच म्हणजे पाच."

गेटबाहेर एक टाइपिंगचं दुकान होतं. टायपिस्ट जेवायला जात होता. त्याच्या हातापाया पडून मी मशीन मागून घेतलं. वडिलांनी वालचंदनगरच्या सुट्ट्यांत टाइपिंगच्या क्लासला बसवलं तेव्हा मी त्यांना मनातल्या मनात काय काय म्हणालो होतो, ते सगळं त्या दिवशी परत घेतलं. मी बडवत होतो आणि जोतीराम दुकान ते पानाची टपरी असा येरझाऱ्या घालत सांगत होता. तो टपरीपाशी गेला की वाक्य अर्धं ऐकू यायचं. रस्त्यावरची माणसं थांबून बघायची. मेंढी पाण्यात उभी होती त्या वाक्याला तो येरझाऱ्यांच्या मधोमध थांबला, आणि रिक्षावाल्यानं हॉर्न दिल्यावरच हलला. पाचला वीस कमी असताना गठ्ठा खिडकीतून आत गेला.

निकाल जूनमध्ये लागला. छप्पन्न. एक टक्का जादा का मिळाला यावर जोतीरामचं म्हणणं, तो त्या मेंढीचा. जुलैमध्ये इंदापूरच्या ज्युनिअर कॉलेजात मासाळ सर रुजू झाले. त्यांच्या तासाला पोरांच्या माना डावी-उजवी करून दुखतात, अशी पहिल्याच आठवड्यात तक्रार गेली, पण ते पुढचं.

मला सांगायचंय ते त्याच मंगळवारनंतरच्या बुधवारचं. निकाल कुठं, काय कुठं, अजून काहीच ठाऊक नव्हतं. हातानं लिहिलेली अकरा पानं खिशात घालून आम्ही कऱ्हाटीला पोचलो तेव्हा तात्याबा मेंढरं घेऊन निघालेले. पंचावन्न, छप्पन्न, नोकरी, काठी, यातलं त्यांनी काही विचारलं नाही.

"पोचली का?"

"पोचली, तात्या."

"समदी?"

"समदी."

तात्याबांनी बांधाकडे वळलेल्या दोन मेंढ्या हाकून कळपात घेतल्या. काठीचा आवाज, मेंढरांच्या खुरांचा आवाज.

"ती म्हातारी बी?"

"व्हय. तीच म्होरं हाय."

तात्याबांनी मान हलवली, आणि काठी या हातातून त्या हातात घेतली.

"मंग वाच आता. भिगवणपासनं वाच. आदी इंग्रजीत."